सुरक्षित कनेक्शनची एरर: दोष आपल्याकडे, वाटेत की साइटवर?

वेबसाइट उघडायला जावं आणि पानाऐवजी लाल खुणेचा मोठा इशारा समोर यावा, हे कधी ना कधी प्रत्येकाच्या वाट्याला येतं. क्रोम म्हणतो 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'. ब्राउझर मराठीत ठेवला असेल तर 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही'. सफारीचं वाक्य जवळपास तेच असतं, तर फायरफॉक्स पुढे धोका असू शकतो असं बजावतो. शब्द निरनिराळे असले तरी सांगणं एकच आहे: समोरची साइट खरंच तीच आहे याची ब्राउझरला खात्री पटलेली नाही, म्हणून तो थांबला आहे.

नवखा माणूस इथे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतो. घाबरून सगळं बंद करतो, नाहीतर 'ॲडव्हान्स्ड' दाबून खालच्या बारीक अक्षरांतल्या 'प्रोसीड'वर क्लिक करून मोकळा होतो. पहिल्यात काम अडून राहतं, दुसऱ्यात पासवर्ड हातचा जाऊ शकतो. खरं तर या इशाऱ्यात पुष्कळ माहिती असते आणि ती वाचायला संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही. दोष तीनच ठिकाणी असू शकतो: आपल्या उपकरणात, मधल्या नेटवर्कमध्ये किंवा त्या साइटवर. तो कुठे आहे हे कळलं की अर्धं काम झालं. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

इशारा देण्याआधी ब्राउझर काय पाहतो

पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असलं की ब्राउझर साइटकडून तिचं सर्टिफिकेट मागतो. ते साइटचं ओळखपत्रच म्हणा. ते देण्याचं काम लेट्स एन्क्रिप्ट, डिजिसर्ट, सेक्टिगो अशा संस्था करतात आणि त्यावर आपली डिजिटल सही करतात. कोणत्या संस्थांची सही मान्य करायची, याची यादी ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासून भरलेली असते.

मग तपासणी होते. सर्टिफिकेटची मुदत चालू आहे का? त्यावरचं नाव आपण टाकलेल्या पत्त्याशी जुळतं का? सही यादीतल्या एखाद्या संस्थेपर्यंत जाऊन पोचते का? ते मध्येच रद्द तर झालेलं नाही ना? शिवाय ब्राउझर आणि सर्व्हर (साइट चालवणारा संगणक) या दोघांना जमेल अशी टीएलएसची, म्हणजे कनेक्शन सुरक्षित ठेवणाऱ्या नियमावलीची, आवृत्तीही ठरावी लागते. यातलं काहीही फसलं की पडदा लाल होतो आणि कशात फसलं त्याचा कोड खाली येतो.

हा इशारा किती मोलाचा आहे, ते २०११ मध्ये दिसलं. नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी होऊन ५००हून अधिक बनावट सर्टिफिकेटं तयार केली गेली. त्यातलं गुगलच्या नावाचं सर्टिफिकेट इराणमधल्या लोकांच्या जीमेलवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. तिथल्या एका वापरकर्त्याने क्रोमने दाखवलेल्या इशाऱ्याबद्दल उघडपणे विचारलं, तेव्हा हा प्रकार उजेडात आला. सगळ्या मोठ्या ब्राउझरांनी त्या कंपनीला यादीतून काढून टाकलं आणि त्याच वर्षी तिचं दिवाळं निघालं. म्हणून माझा आग्रह आहे की इशारा आला की आधी तो वाचा.

पहिली पायरी: दोन प्रश्न

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी हे दोन प्रश्न विचारा.

एक, ही एरर एकाच साइटवर येते की बऱ्याच साइटवर? नव्या टॅबमध्ये तीन-चार ओळखीच्या, मोठ्या साइट उघडून पाहा.

दोन, दुसऱ्या उपकरणावर आणि दुसऱ्या नेटवर्कवर काय होतं? फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. या एका चाचणीत उपकरण आणि नेटवर्क दोन्ही बदलतात, म्हणून ती फार उपयोगी आहे.

फोनवर मोबाइल डेटावरही तीच एरर आली, तर दोष जवळजवळ नक्कीच साइटचा. तुमच्या लॅपटॉपशी खेळत बसण्यात अर्थ नाही. फोनवर साइट नीट उघडली आणि लॅपटॉपवर मात्र सगळ्याच साइट अडल्या, तर लॅपटॉप किंवा वायफाय यांच्याकडे बघायचं. अशा वेळी लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. तरीही एरर राहिली तर दोष लॅपटॉपमध्ये आहे, गेली तर वायफायच्या वाटेत.

इंटरनेटवर या एररसाठी पहिला सल्ला हमखास 'कॅशे आणि कुकीज साफ करा' असा असतो. सर्टिफिकेटच्या एररवर त्याचा क्वचितच उपयोग होतो. उलट जिथे जिथे लॉगइन होता तिथून सगळीकडून बाहेर पडता. त्यापेक्षा इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट विंडोमध्ये तीच साइट उघडून पाहा. तिथे जुन्या कुकीज नसतात आणि एक्स्टेन्शन्सही, म्हणजे ब्राउझरला जोडलेली पूरक साधनंही, सहसा बंद असतात. तिथे साइट उघडली तरच कुकीज आणि एक्स्टेन्शन्स यांच्या मागे लागा.

दुसरी पायरी: कोड वाचा

पडद्यावर हे कोड इंग्रजी मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अधोरेषा घालून येतात. इथे मी ते उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. क्रोम आणि एजमध्ये ते इशाऱ्याच्या मजकुराखाली फिकट अक्षरांत असतात. फायरफॉक्समध्ये 'ॲडव्हान्स्ड' दाबल्यावर दिसतात. 'ॲडव्हान्स्ड' दाबण्यात धोका काही नाही. धोका त्याच्या पुढच्या बटणात आहे.

'एरर सर्ट डेट इनव्हॅलिड' म्हणजे तारखेची गडबड. फायरफॉक्स यालाच 'सेक एरर एक्स्पायर्ड सर्टिफिकेट' म्हणतो. एक तर साइटचं सर्टिफिकेट संपलं आहे, नाहीतर तुमचं घड्याळ चुकलं आहे.

'एरर सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड' किंवा फायरफॉक्सचं 'एसएसएल एरर बॅड सर्ट डोमेन' म्हणजे सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचं आहे.

'एरर सर्ट अथॉरिटी इनव्हॅलिड' किंवा 'सेक एरर अननोन इश्युअर' म्हणजे सही करणारा ओळखीचा नाही. यात कारणं सगळ्यात जास्त आहेत, आणि खरा धोकाही इथेच असू शकतो.

'एरर एसएसएल व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच' म्हणजे दोघांपैकी एकाची यंत्रणा फार जुनी आहे. 'एरर सर्ट रिव्होक्ड' म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्यानेच ते रद्द केलं आहे. इथे तुम्ही करण्यासारखं काही नाही, परत फिरा.

क्रोममधली एक सोय फार थोड्यांना माहीत असते. इशाऱ्याच्या पडद्यावर त्या कोडवरच क्लिक करा. खाली आणखी मजकूर उलगडतो: 'सब्जेक्ट', म्हणजे सर्टिफिकेट कुणाच्या नावाचं आहे, 'इश्युअर', म्हणजे कुणी दिलं, 'एक्स्पायर्स ऑन', म्हणजे मुदत कधी संपते, आणि 'करंट डेट', म्हणजे तुमच्या उपकरणाच्या मते आजची तारीख. त्याखालचा अगम्य अक्षरांचा ढीग सोडून द्या. या चार ओळींवरून दोष कुणाचा हे बऱ्याचदा तिथल्या तिथे ठरतं. फायरफॉक्समध्ये हीच माहिती 'ॲडव्हान्स्ड'खालच्या 'व्ह्यू सर्टिफिकेट'मध्ये मिळते.

सराव करायचा असेल तर बॅडएसएसएल डॉट कॉम ही साइट खास त्यासाठीच आहे. तिथे मुद्दाम चुकीची ठेवलेली सर्टिफिकेटं आहेत. 'एक्स्पायर्ड' या दुव्यावरचं सर्टिफिकेट एप्रिल २०१५ मध्ये संपलेलं आहे. ते उघडा, कोडवर क्लिक करा, चार ओळी वाचा. मग 'राँग होस्ट' (दुसऱ्याच नावाचं) आणि 'सेल्फ साइन्ड' (स्वतःच सही केलेलं) बघा. काही वैयक्तिक पणाला लागलेलं नसताना एकदा हे पाहून ठेवलं, की ऐन कामाच्या वेळी गोंधळ होत नाही.

घड्याळ आणि टाइम झोन

बऱ्याच साइटवर तारखेची एरर येत असेल तर आधी घड्याळ बघा. क्रोम कधी कधी स्वतःच 'युअर क्लॉक इज बिहाइंड' किंवा 'युअर क्लॉक इज अहेड' असं सांगतो. वरच्या 'करंट डेट'मध्ये भलतंच वर्ष दिसलं तर शंकेला जागाच नाही.

दुरुस्ती सोपी आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग डेट अँड टाइम. तिथे 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करा आणि 'सिंक नाऊ' दाबा. घड्याळ कित्येक महिने किंवा वर्षं मागे गेलं असेल तर कधी कधी सिंक होत नाही. मग तारीख आधी हाताने जवळपास बरोबर करा आणि पुन्हा सिंक करा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरलखाली डेट अँड टाइम आहे, आयफोनवरही जनरलमध्येच. अँड्रॉइडवर ते बहुतेक फोनांत सिस्टिमखाली असतं. सगळीकडे आपोआप वेळ घेण्याची सोय चालू ठेवा.

इथे एक खाच आहे. सर्टिफिकेटची मुदत जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये मोजली जाते. समजा, टाइम झोन चुकीचा आहे पण तुम्ही काटे हाताने हलवून पडद्यावरची वेळ बरोबर करून ठेवली आहे. तुम्हाला घड्याळ बरोबर दिसतं. संगणक मात्र आतल्या आत काही तास पुढे किंवा मागे असतो. एरवी हे जाणवत नाही. एखाद्या साइटने आजच नवं सर्टिफिकेट बसवलं, की तुमच्या संगणकाच्या हिशेबाने ते अजून सुरूच झालेलं नसतं आणि एरर येते. एकच साइट, एकच दिवस, दुसऱ्या दिवशी आपोआप ठीक, असा अनुभव आला तर टाइम झोन तपासा.

आणि घड्याळ दुरुस्त करूनही संगणक बंद करून चालू केला की पुन्हा जुनी तारीख येत असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती सीआर२०३२ प्रकारची असते. ती बदलल्याशिवाय हा त्रास थांबत नाही.

लॉगइन मागणारं वायफाय

विमानतळ, हॉटेल, ग्रंथालय अशा ठिकाणच्या वायफायवर आधी एक लॉगइनचं पान भरावं लागतं. ते भरेपर्यंत नेटवर्क तुमची प्रत्येक मागणी अडवून त्या पानाकडे वळवत असतं. तुम्ही मेल उघडायला गेलात आणि समोरून वायफायवाल्याचं सर्टिफिकेट आलं, तर ब्राउझर नाव जुळत नाही म्हणून थांबणारच. त्याचं बरोबरच आहे.

अशा वेळी इशारा ओलांडू नका. पत्त्याच्या जागी नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका. ही साइट मुद्दाम एचटीटीपीएसशिवाय चालवली जाते, त्यामुळे तिथे लॉगइनचं पान विनाअडथळा उघडतं. ते भरा, मग आपली साइट पुन्हा उघडा. एरर गेलेली असेल. लॉगइन होऊनही बँक किंवा मेलच्या साइटवर इशारा येतच राहिला, तर त्या नेटवर्कवर ते काम करू नका. मोबाइल डेटा वापरा.

अँटिव्हायरस आणि ऑफिसचं नेटवर्क

'अथॉरिटी इनव्हॅलिड' बऱ्याच साइटवर आणि एकाच संगणकावर येत असेल, तर सर्टिफिकेटवरचं 'इश्युअर'चं नाव बघा. सगळा उलगडा त्या नावात असतो.

काही अँटिव्हायरस एचटीटीपीएसची वाहतूकही तपासतात. त्यासाठी ते ब्राउझर आणि साइट यांच्या मध्ये बसतात, साइटचं खरं सर्टिफिकेट स्वतः तपासतात आणि ब्राउझरच्या हाती स्वतः सही केलेलं दुसरंच ठेवतात. ब्राउझरने ते मानावं म्हणून इन्स्टॉल होताना ते आपलं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्या आधारे बाकीच्या सह्या मान्य होतात ते मूळ सर्टिफिकेट, विंडोजच्या यादीत घालतात. फायरफॉक्सची यादी मात्र स्वतःची, वेगळी आहे; विंडोजच्या यादीत अशी बाहेरून घातलेली सर्टिफिकेटं तो आपोआप मानू लागला ते २०२३ पासून. म्हणून फायरफॉक्सची आवृत्ती जुनी असेल किंवा ही सोय बंद असेल आणि क्रोममध्ये सगळं सुरळीत, फायरफॉक्समध्ये मात्र प्रत्येक साइटवर एरर, असं चित्र दिसलं की अँटिव्हायरसकडे बोट जातं. फायरफॉक्स अशा वेळी कधी 'एमआयटीएम डिटेक्टेड' असा कोड दाखवतो, म्हणजे मध्ये कुणीतरी बसलं आहे. इश्युअरच्या जागी अँटिव्हायरसचंच नाव दिसेल.

उपाय: अँटिव्हायरसच्या सेटिंग्जमध्ये एचटीटीपीएस स्कॅनिंग किंवा एसएसएल स्कॅनिंग या नावाचा पर्याय शोधा, तेवढाच बंद करा, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. अख्खा अँटिव्हायरस बंद करायची गरज नाही. एरर गेली तर तो पर्याय बंदच ठेवला तरी चालेल, असं माझं मत आहे. ब्राउझरची स्वतःची तपासणी भक्कम असते, आणि फाइली तपासायचं अँटिव्हायरसचं मुख्य काम चालूच राहतं.

ऑफिसात किंवा कॉलेजात फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणारी यंत्रणा, हेच काम करते. ऑफिसच्या संगणकात तिचं रूट सर्टिफिकेट आधीच घातलेलं असतं, म्हणून तिथे काही जाणवत नाही. तुम्ही स्वतःचा लॅपटॉप नेलात की एररची रांग लागते. इश्युअरच्या जागी संस्थेचं किंवा फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं तर तिथल्या आयटी विभागाला विचारा. ते सर्टिफिकेट घालायला सांगतील. पण घातलंत तर त्या नेटवर्कवरून तुम्ही एचटीटीपीएसवर केलेलं काम त्यांना वाचता येऊ शकतं, हे समजून मगच ठरवा. स्वतःच्या लॅपटॉपवर, खाजगी कामासाठी, मी ते घालणार नाही.

इश्युअरचं नाव यापैकी कुठलंच नसेल, कधी ऐकलेलंच नसेल, आणि एरर सगळीकडे येत असेल, तर सावध व्हा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटखाली प्रॉक्सी (तुमची वाहतूक ज्याच्यामार्फत जाते तो मधला संगणक) उघडा. तुम्ही न टाकलेला पत्ता तिथे असेल तर काढा. अनोळखी एक्स्टेन्शन्स काढा, मालवेअरसाठी पूर्ण स्कॅन चालवा. तोवर त्या संगणकावरून कुठेही पासवर्ड टाकू नका.

जुनं उपकरण, जुना ब्राउझर

टीएलएस १.० ही १९९९ सालची आणि १.१ ही २००६ सालची आवृत्ती. मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये या दोन्हींना रजा दिली. आज साइट १.२ किंवा २०१८ मध्ये आलेल्या १.३ वर चालतात. तुमचा ब्राउझर फार जुना असेल तर त्याला हे जमत नाही. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांतून हेल्प आणि मग 'अबाऊट गुगल क्रोम' उघडलं की तो स्वतः अपडेट शोधतो. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. तिथे त्यापुढे अपडेट येणार नाही.

रूट सर्टिफिकेटांची यादीही शिळी होते. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं जुन्या उपकरणांत ज्या रूटच्या आधारावर चालत होती ते ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपलं आणि अनेक जुन्या फोन-संगणकांवर एका दिवसात साइट अडू लागल्या. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांसाठी केलेली तात्पुरती सोयही २०२४ मध्ये संपली. अशा फोनवर फायरफॉक्स बसत असेल तर बसवून पाहा, तो स्वतःची यादी घेऊन येतो. पण पैशांचे व्यवहार अशा उपकरणावर करणं आता बंद करायला हवं. ज्याला सुरक्षा अपडेट मिळत नाही त्याच्या इतर भगदाडांचं काय?

दोष साइटचाच असेल तर

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सर्टिफिकेटचं नूतनीकरण राहून जाणं. लेट्स एन्क्रिप्ट ९० दिवसांचं सर्टिफिकेट देतं. इतर संस्थांनाही २०२० पासून ३९८ दिवसांची मर्यादा होती. २०२५ मध्ये ठरलेल्या नियमानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर, २०२७ मध्ये १०० वर आणि १५ मार्च २०२९ पासून अवघ्या ४७ दिवसांवर येते. कुणी लहानशी साइट चालवत असेल आणि कॅलेंडरवर खूण करून हाताने नूतनीकरण करत असेल, तर ते आत्ताच स्वयंचलित करून घ्यावं.

नाव न जुळण्यामागचं कारण कधी कधी अगदी साधं असतं. सर्टिफिकेट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह असलेल्या नावाचं असतं आणि तुम्ही त्याशिवाय पत्ता टाकलेला असतो, किंवा उलट. दोन्ही करून पाहा. तारांकित (वाइल्डकार्ड) सर्टिफिकेट, म्हणजे साइटच्या मुख्य नावाआधी लागणाऱ्या सगळ्या उपनावांसाठी घेतलेलं एकच सर्टिफिकेट, हेही उपनावाची एकच पायरी झाकतं. त्याच्याही आत आणखी एक उपनाव असलं तर ते चालत नाही.

तिसरा प्रकार फसवा आहे. साइटने आपलं सर्टिफिकेट बसवलं, पण ते आणि रूट यांना जोडणारं मधलं सर्टिफिकेट द्यायचं राहिलं. काही ब्राउझर ती मधली कडी स्वतः शोधून आणतात, काही आणत नाहीत. म्हणून साइटवाला म्हणतो, 'माझ्याकडे तर उघडते!' आणि तुमच्याकडे उघडत नाही. खात्री करायला एसएसएल लॅब्जची मोफत सर्व्हर चाचणी आहे. साइटचं नाव टाकलं की काही मिनिटांत अहवाल येतो. त्यात 'चेन इश्यूज'पुढे 'इनकम्प्लीट' लिहिलेलं असेल तर हाच दोष.

'प्रोसीड' कधी दाबावं

जवळजवळ कधीच नाही. माझ्या मते एकच सरळ अपवाद आहे: घरच्या राउटरचं सेटिंगचं पान, म्हणजे १९२.१६८.१.१ सारखा पत्ता. राउटरचं सर्टिफिकेट स्वतःच सही केलेलं असतं, त्यामुळे इशारा येणारच. तुम्ही स्वतःच्या घरच्या नेटवर्कवर आहात आणि पत्ता स्वतः टाकला आहे, तर पुढे जा.

नुसती वाचायची साइट, सर्टिफिकेट काल संपलेलं, लॉगइन नाही, काही डाउनलोड करायचं नाही, अशा वेळी पुष्कळजण पुढे जातात. तरीही एक दिवस थांबावं असं मी सांगेन. जिथे पासवर्ड, पैसे, आरोग्याची माहिती किंवा फाइल डाउनलोड आहे तिथे तर प्रश्नच नाही.

काही साइटवर 'प्रोसीड' दिसतच नाही. ती ब्राउझरची बिघाड झालेली अवस्था नाही. साइटने एचएसटीएस नावाची सूचना देऊन ठेवलेली असते, की माझ्याशी फक्त सुरक्षित कनेक्शननेच बोला. त्यातून सुटायच्या युक्त्या इंटरनेटवर फिरत असतात. त्या वापरू नका.

साइटवाल्यांना कळवताना

दोष त्यांचा आहे हे ठरलं की कळवा. बऱ्याच लहान साइटच्या मालकांना स्वतःला पत्ताच नसतो. साइटवरचा फॉर्म वापरता येणार नाही, म्हणून ईमेल किंवा फोन. 'साइट चालत नाही' एवढंच लिहिलं तर उत्तर 'इकडे चालते' असंच येतं. असं लिहा:

'नमस्कार. आपल्या साइटचं मुखपृष्ठ उघडताना सर्टिफिकेटची मुदत संपल्याचा इशारा येतो आहे. क्रोममधला कोड आणि मुदत संपल्याची तारीख सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये आहे. माझ्या लॅपटॉपवर घरच्या वायफायवर आणि फोनवर मोबाइल डेटावर, दोन्हीकडे हेच दिसतं. माझ्या उपकरणांची वेळ बरोबर असल्याचं तपासलं आहे. कृपया सर्टिफिकेटचं नूतनीकरण झालं आहे का ते पाहावं.'

एवढं वाचून साइट सांभाळणाऱ्याला पुढे काही विचारावं लागत नाही. स्क्रीनशॉटमध्ये त्या चार ओळी उलगडलेल्या असू द्या. दुरुस्ती झाल्याचं कळलं की पान नुसतं रिफ्रेश न करता टॅब बंद करून नव्याने उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट पाहा आणि 'एक्स्पायर्स ऑन'ची तारीख पुढची आहे ना, याची खात्री करा. क्रोममध्ये २०२३ पासून त्या जागी कुलपाऐवजी दोन आडव्या सरकपट्ट्यांचं चिन्ह असतं. सर्टिफिकेट त्याच्याच आत, 'कनेक्शन इज सिक्युअर' या ओळीखाली मिळेल.